पातळ काचेचा आरसा

मंडळी, तुमच्या देवघरातली सहाण एकदा उजेडात नेऊन बघा. आजीच्या वेळची असेल तर तिचा मध्य खोलगट झालेला दिसेल. आणि तिच्यावर उगाळायचे चंदनाचे खोड पाहा. त्याचे टोक त्या खोलगटात नेमके बसेल असे गोलसर झालेले असते. हे आकार कुणी आखून दिले नव्हते. दगड, लाकूड, चार थेंब पाणी आणि रोजचा हात, एवढ्यानेच एकाला खळगा आला नि दुसऱ्याला गोलाई आली.

आज जी हकीकत सांगणार आहे, तिचे बीज या सहाणेत आहे. ही हकीकत दुर्बिणीच्या आरशाची. तो आरसा ज्यांनी घरात, ओसरीवर, तळघरात बसून हाताने घासला, त्या माणसांची. आणि विशेष करून पातळ आरशाची. कारण पातळ काचेचा चांगला आरसा होत नाही, असे जाणती माणसे पुष्कळ वर्षे सांगत होती.

दुर्बीण म्हटली की आपल्यापुढे लांब नळी नि दोन टोकांना दोन भिंगे येतात. पण आज जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी भिंगाच्या नाहीत, आरशाच्या आहेत. नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो. ताऱ्याचा प्रकाश त्यावर पडतो, मागे फिरतो आणि एका बिंदूत गोळा होतो. तिथे लहानसे भिंग लावून आपण पाहायचे. न्यूटनने अशी पहिली चालती दुर्बीण १६६८ साली केली. तिचा आरसा सव्वा इंचाच्या आसपास होता, आणि तो त्याने स्वतःच्या हातांनी घासला होता.

आता या आरशाचे माप ऐका. सहा इंच रुंदीचा आणि चार फुटांवर प्रकाश गोळा करणारा आरसा घेतला, तर त्याची मधली खोली भरते जेमतेम सव्वा मिलिमीटर. काच हातात घेतली तर ती खोलगट आहे हे चटकन ध्यानातही येणार नाही. पण ती खोली साऱ्या पृष्ठभागावर इतकी नेमकी लागते, की चूक व्हायची ती ०.००००७ मिलिमीटरच्या आत. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचे हजार भाग करा आणि त्यांतला एक घ्या. एवढीच चूक माफ!

तुम्ही म्हणाल, हे काम मोठ्या कारखान्याचे. माणसाचा हात इथे काय करणार? पण इतिहास उलटे सांगतो. हे काम आधी हाताने झाले. कारखाने मागाहून आले.

इंग्लंडमध्ये बाथ नावाचे गाव आहे. तिथे १७७० नंतरच्या काळात विल्यम हर्शेल नावाचा एक वादक राहत असे. मूळचा जर्मनीतल्या हॅनोवरचा. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायच्या, हा त्याचा चरितार्थ. त्याला आकाशाचा नाद लागला. चांगली मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून १७७३ पासून तो घरीच आरसे करू लागला. बहीण कॅरोलिन आदल्याच वर्षी त्याच्याकडे राहायला आली होती. तिने पुढे लिहून ठेवले आहे की घरातली एकेक खोली कारखाना बनली.

त्या वेळी आरसा काचेचा नसे. तांब्याचे सुमारे दोन भाग नि कथलाचा एक भाग वितळवून ओतलेल्या धातूचा असे. म्हणजे आपल्या काशाचाच भाऊबंद. पण अधिक ठिसूळ नि पांढरट. तो घासायचा, मग झिलई द्यायची. झिलई देताना हात थांबला तर आकार बिघडतो असा हर्शेलचा अनुभव. एकदा तर त्याने सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. कॅरोलिन त्याला घास भरवीत होती आणि कंटाळा येऊ नये म्हणून अरबी सुरस कथा वाचून दाखवीत होती. तिनेच ओतकामाच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळली. १३ मार्च १७८१ च्या रात्री, घरच्या सव्वासहा इंची आरशातून, हर्शेलला युरेनस दिसला. शनीच्या पलीकडे ग्रह आहे हे माणसाला कळले ते एका वादकाच्या परसातून.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने तीन फुटी आरसा ओतायला घेतला. सुमारे अडीचशे किलो धातू वितळवला होता. भट्टी फुटली, लालभडक रस फरशीवर पसरला आणि दगडी फरशा फटाफट फुटून छतापर्यंत उडाल्या. हर्शेल, त्याचा भाऊ नि ओतारी जीव घेऊन पळाले. एवढे होऊनही त्याने नाद सोडला नाही. पुढे राजाच्या पैशाने त्याने चाळीस फूट लांबीची, चार फुटी आरशाची दुर्बीण बांधली. ती १७८९ साली पुरी झाली. आणि इथेच आपल्या विषयाला पहिली ठेच लागते. त्या दुर्बिणीसाठी १७८५ साली ओतलेला पहिला आरसा मध्यभागी ठरल्यापेक्षा पातळ निघाला. तो आपला आकार धरून राहीना. हर्शेलने दुसरा, जाड आरसा ओतून घेतला. त्याचे वजन गेले जवळजवळ एक टनावर. तेव्हापासून कारागिरांच्या मनात पक्के बसले की आरसा हवा तर जाड हवा.

धातूच्या आरशाला आणखी एक खोड होती. हवेने तो काळवंडे. पुन्हा झिलई द्यावी तर मूळचा आकार जाई, म्हणजे सगळे घासकाम पहिल्यापासून. या कटकटीतून सोडवणूक केली ती फ्रान्सच्या लिऑं फूकोने. पृथ्वी फिरते हे लंबकाने दाखवणारा तोच हा फूको. तो लंबकाचा प्रयोगही त्याने १८५१ साली आधी घरच्या तळघरात केला होता. जर्मन रसायनज्ञ लीबिग याने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत काढली होती. जर्मनीत श्टाइनहाइलने आणि फ्रान्समध्ये फूकोने, १८५६-५७ च्या सुमारास, ती दुर्बिणीच्या आरशाला लावली. आता आरसा काचेचा. चांदी काळी पडली तर धुऊन टाकावी, नवी चढवावी. काचेच्या आकाराला धक्का नाही. आजकाल चांदीऐवजी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर देतात, एवढाच फरक.

पण फूकोची खरी देणगी वेगळीच आहे. १८५८ साली त्याने आरशाची परीक्षा घेण्याची एक युक्ती सांगितली. तिला लागतो एक दिवा नि एक पाते. दाढीचे पाते चालते. बस्स!

ही युक्ती कळण्यासाठी आधी घासणे समजून घेऊ. सारख्या मापाच्या दोन गोल चकत्या घ्या. एक खाली पिंपावर पक्की बसवा, दुसरी तिच्यावर ठेवा. मध्ये कार्बोरंडमची भरड पूड नि पाणी. वरची चकती पुढे-मागे सरकवा, मधून मधून हातात थोडी फिरवा, आणि तुम्हीही पिंपाभोवती पावला-पावलाने फिरा. वरची चकती अर्धी बाहेर गेली की तिचा मध्य खालच्या चकतीच्या कडेवर दाबतो. म्हणून वरचीचा मध्य झिजतो नि खालचीची कड झिजते. वरची खोलगट होते, खालची फुगीर होते. हा झाला आपला सहाणेचा न्याय. फक्त इथे खळगा वरच्या काचेला पडतो.

आता गंमत पाहा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर कोणत्याही दिशेने सरकवले, कसेही फिरवले, तरी सगळीकडे चिकटून राहतील असा वक्र आकार एकच आहे. तो म्हणजे गोलाचा तुकडा. दुसरा कोणताही वक्र आकार कुठेतरी अडेल, आणि जिथे अडेल तिथेच घासला जाईल. म्हणजे चूक आपली आपणच झिजते. म्हणून भरड पुडीनंतर बारीक, मग त्याहून बारीक अशा पाच-सहा पुडी वापरत गेले, की अडाणी हातालाही गोलाचा अतिशय नेमका तुकडा मिळतो. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई द्यायची. इथे हाताला फार अक्कल लागत नाही, चिकाटी लागते.

अक्कल लागते ती पुढे. कारण दूरच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला गोल पुरत नाही. गणितात ज्याला अन्वस्त म्हणतात तो आकार लागतो. मघाच्या सहा इंची आरशात गोल नि अन्वस्त यांच्यात फरक किती? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतले तीन भाग. कोणत्या पट्टीने मोजाल? इथे फूकोचे पाते उपयोगी पडते.

अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करा. तो ज्या गोलाचा तुकडा आहे, त्या गोलाच्या मध्याशी, म्हणजे आपल्या आरशाच्या बाबतीत आठ फुटांवर, बारीक छिद्रातून येणारा दिव्याचा उजेड ठेवा. उजेड आरशावर जातो आणि परत त्याच जागी बिंदूत गोळा होतो. बिंदूच्या मागे डोळा न्या. सगळा आरसा चंद्रासारखा उजळलेला दिसेल. आता पाते हळूच बाजूने त्या बिंदूत सरकवा. आरसा पक्का गोल असेल तर तो सगळा एकदम, सारखा मावळतो. पण कुठे उंचवटा असेल, कुठे खळगा असेल, तर तिथला प्रकाश वाट चुकलेला असतो. तो आधी तरी मावळतो नाहीतर मागाहून. मग काचेवर डोंगर-दऱ्यांच्या सावल्या पडलेल्या दिसतात, सांजच्या उन्हात नांगरलेल्या शेताच्या सऱ्या दिसाव्यात तशा. आणि अन्वस्त आकार साधला असेल, तर आरशाच्या जागी पाण्याच्या घागरीखाली ठेवायची चुंबळ दिसते! सावलीच्या जागा मोजून आकार बरोबर आहे की नाही हे गणिताने ठरवता येते.

या पात्याची नजर किती तीक्ष्ण, ते सांगतो. आरशावर अंगठा थोडा वेळ टेकवा, काढा आणि पाहा. अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्याच जागी फुगलेली असते. तिथे चक्क एक टेकडी दिसते. काही वेळाने ती निवते नि विरून जाते.

गुरुजी, या परीक्षेचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तिथे ओळख चालत नाही. आरसा राजाचा आहे की शिंप्याचा, हे पात्याला कळत नाही. आणि करणाऱ्याला स्वतःलाही फसवता येत नाही. ‘चालेल, झाले एवढे बास,’ असे आपण म्हणावे नि सावलीने नाही म्हणावे, असे दहा वेळा होते.

आता अमेरिकेत चला. व्हरमाँट नावाच्या डोंगराळ प्रांतात स्प्रिंगफील्ड हे यंत्रे घडवणाऱ्यांचे गाव. तिथे रसेल पोर्टर राहत असे. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत जाऊन आलेला, चित्रे काढणारा, यंत्रशाळेत काम करणारा माणूस. १९२० साली त्याने गावातल्या पंधरा पुरुषांना नि एका बाईला आरसे घासायला शिकवले. बहुतेक जण यंत्रशाळेतले कामगार. त्यांनी पुढे मंडळ काढले, टेकडीवर आपल्या हाताने एक घर बांधले, त्याला नाव दिले स्टेलाफेन. १९२५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाचे अल्बर्ट इंगॉल्स तिथे आले, चकित झाले आणि त्यांनी लेख लिहिला. मग देशभरातून पत्रे आली: आम्हालाही शिकवा. शेतकरी, कारकून, शाळामास्तर घरोघर काच घासू लागले.

या सगळ्यांना एक नियम मिळाला होता: आरशाची जाडी रुंदीच्या एक षष्ठांश हवी. सहा इंची आरशाला एक इंच, बारा इंचीला दोन इंच. नियम उगाच नव्हता. काच आपल्याला कठीण वाटते, पण ती स्वतःच्या वजनाने वाकते. लांब फळी दोन विटांवर ठेवा. पातळ असेल तर मध्ये झोळ पडतो, जाड असेल तर पडत नाही. तसेच हे. हिशेब असा, की जाडी निम्मी केली तर वाक चौपट होतो. आणि रुंदी दुप्पट केली तर वाक सोळापट होतो. जिथे केसाच्या हजाराव्या भागाची चूक चालत नाही, तिथे हा वाक कसा चालेल?

पण नियमाची किंमत कोण देणार? बारा इंची, दोन इंच जाडीच्या काचेचे वजन सुमारे ९ किलो. चोवीस इंचीला चार इंच जाडी लावली तर वजन आठपट, सत्तर किलोच्या वर. असली काच खास ओतून घ्यावी लागते आणि ती गरिबाच्या आवाक्यातली नसते. म्हणजे मोठा आरसा पैसेवाल्याचाच, असे नियमाने न बोलता ठरवून टाकले होते.

हे ठरवणे मोडले एका बिनपैशाच्या माणसाने. आणि त्याचा धागा आपल्या देशाशी जुळतो, म्हणून नीट ऐका. स्वामी विवेकानंदांनी १९०० साली सॅन फ्रान्सिस्को शहरात वेदान्त सोसायटी स्थापली. त्या मठात १९४४ साली जॉन डॉब्सन नावाचा तरुण दाखल झाला. जन्म १९१५ चा, पेकिंगचा, शिक्षण रसायनशास्त्राचे. वेदान्त आणि विज्ञान यांचा मेळ कसा बसतो ते पाहावे, असे काम त्याला मठात सोपवले होते. विश्वाचा विचार करायचा तर विश्व पाहायला नको का? पण संन्याशाजवळ पैसा कुठला!

१९५६ साली त्याला जहाजाच्या खिडकीची बारा इंची गोल काच मिळाली. मोडीतली. असली काच साधारण इंचभर जाडीची, म्हणजे नियमाच्या निम्मी. डॉब्सनने ती घासली, झिलई दिली, आरसा केला आणि चंद्राकडे रोखली. चंद्र असा दिसला की आपण त्याच्यावर उतरतोच आहोत! त्याच क्षणी त्याच्या मनाने घेतले की हे सर्वांनी पाहिले पाहिजे.

तेव्हापासून त्याने मठात आरशामागून आरसे घासले. काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात तसल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, लाकडी फळ्यांच्या पेट्या केल्या. १९५८ साली त्याची बदली सॅक्रामेंटोच्या मठात झाली. तिथे तो चाके लावलेली दुर्बीण ढकलत वस्तीत न्यायचा आणि शेजारच्या मुलांना आकाश दाखवायचा. या पायी तो मठाबाहेर फार राहू लागला, आणि १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचे घर सुटले. पन्नाशी उलटलेली, हाती काही नाही. १९६८ साली त्याने नि त्याच्या तरुण मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्याकडेला दुर्बिणी मांडणारी मंडळी जमवली. ‘या, शनी पाहा,’ म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. पैसा घ्यायचा नाही. दुर्बिणीची थोरवी तिच्यातून किती लोकांनी पाहिले यावर मोजावी, असे त्याचे म्हणणे. आपल्या रचनेचा त्याने मक्ता घेतला नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो वारला, ९८ वर्षांचा होऊन. आज जगभर हौशी लोक लाकडी पेटीतली साधी दुर्बीण वापरतात. तिला त्याच्याच नावाने डॉब्सोनियन म्हणतात.

पण मंडळी, डॉब्सनने निसर्गाचा नियम मोडला असे समजू नका. काच वाकते ती वाकतेच. त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी एवढेच ओळखले, की जाडीतून जे मिळते ते आधारातूनही मिळवता येते. हे मूळ ज्ञानही जुनेच आहे. आयर्लंडच्या थॉमस ग्रबने १८३५ च्या सुमारास आरशाखाली तराजूंची रचना केली होती. एका दांडीच्या टोकांवर दोन त्रिकोणी पाट्या, प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यांवर आरशाचे तीन टेकू. तराजू जसा आपोआप समतोल साधतो, तसे इथे प्रत्येक टेकूवर सारखेच ओझे येते. पातळ आरशाखाली असे नऊ किंवा अठरा टेकू द्यायचे. नाहीतर सपाट फळीवर जाड गालिच्याचा तुकडा घालून त्यावर आरसा अलगद ठेवायचा. आणि दुर्बीण क्षितिजाकडे वळली की आरसा कडेवर उभा राहतो. तेव्हा त्याला दोन खुंट्यांवर उभा केला तर तो चेपतो. म्हणून खालच्या कडेभोवती मोटारीतल्या आसनाच्या पट्ट्याची झोळी बांधतात. तान्ह्या बाळाला झोळीत निजवावे, तसा आरसा तीत विसावतो.

पातळ काचेचा एक फायदाही आहे. दिवसभर तापलेली जाड काच रात्री निवायला तासन्‌तास घेते, आणि तोवर तारे थरथरत दिसतात. पातळ काच लवकर निवते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात हे फार कामाचे.

आता या पातळ आरशाची एक खास परीक्षा सांगतो. ती माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा आहे. आरसा दुर्बिणीत बसवला, तारा पाहिला आणि तो गोल ठिपक्यासारखा न दिसता तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसला. डोळ्याजवळचे भिंग थोडे आत घेतले तर दाणा उभा. थोडे बाहेर काढले तर दाणा आडवा. म्हणजे आरसा एका बाजूने अधिक वळला आहे, पिळवटला आहे. नवखा माणूस लगेच म्हणतो, काच वाईट! टाका ती. पण थांबा. आरसा आपल्या जागी पाव फेरा फिरवा आणि पुन्हा पाहा. दाणा काचेबरोबर फिरला, म्हणजे आधी उभा दिसत होता तिथे आता आडवा दिसू लागला, तर दोष काचेत आहे; पुन्हा झिलईला बसा. पण काच फिरवली तरी दाणा होता तसाच राहिला, तर काच निर्दोष आहे. दोष टेकूत आहे. कुठेतरी खुंटी रुतते आहे, कुठे आधार कमी पडतो आहे. पुष्कळ वेळा असेच निघते. हर्शेलपासून माणसांनी जाडीवर जो भर दिला, त्याचे एक कारण हे की जाड काच वाईट टेकूही सोसून घेते. पातळ काच सोसत नाही. ती टेकूची चूक उघडी करते.

पुढे काय झाले ते बघा. ज्या पातळपणाला कारागीर भीत होते, तो आता मोठ्यांतल्या मोठ्या वेधशाळांनी पत्करला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पारानाल डोंगरावर युरोपीय देशांच्या चार मोठ्या दुर्बिणी आहेत. पहिली १९९८ साली सुरू झाली. प्रत्येकीचा आरसा ८.२ मीटर रुंद, आणि जाडी फक्त साडेसतरा सेंटिमीटर. जुन्या नियमाने जाडी एक मीटर ३७ सेंटिमीटर करावी लागली असती! त्या आरशाखाली दीडशे टेकू आहेत, आणि संगणक एकेका टेकूचा जोर सतत कमी-जास्त करत असतो. आपल्या देशातही नैनितालजवळ देवस्थळ इथे २०१६ साली ३.६ मीटरची दुर्बीण सुरू झाली. तिचा आरसाही पातळच, साडेसोळा सेंटिमीटरचा, अशाच हलत्या टेकूंवर तोललेला. रस्त्याकडेची झोळी आणि पारानालचे टेकू यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तत्त्व मात्र एकच आहे.

महाराष्ट्रालाही हा नाद नवा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. पुण्यातच १९८८ साली आयुका ही संस्था निघाली आणि तिथे दुर्बिणी करण्याच्या कार्यशाळा झाल्या. शिक्षकांनी नि विद्यार्थ्यांनी तिथे काच घासून आपले आरसे केले.

गुरुजी, तुमच्या शाळेत हे करायचे मनात आले, तर तयारी फार नाही. सहा इंची गोल कापलेली बारा मिलिमीटरची साधी काच, एक आरशाला नि एक घासणीला. ‘टफन’ म्हणून मिळते ती कडक केलेली काच मात्र घेऊ नका. ती घासताना एकदम फुटते. कार्बोरंडमच्या पाच-सहा पुडी, थोडी राळ, सिरियम ऑक्साइड, पाणी भरलेले पिंप. पूड नेहमी ओली ठेवा, तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. एका पुडीतून दुसरीत जाताना हात, काच, बादली स्वच्छ धुवा. भरड पुडीचा एक कण मागे राहिला तर आठवड्याच्या कामावर ओरखडा ओढतो. पातळ काच पाठीमागून कशालाही घट्ट चिकटवू नका. घासताना खाली मऊ गालिचा घाला आणि काच सारखी फिरवत राहा. आणि एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. एका क्षणात डोळा कायमचा जातो.

दिवसा ताऱ्याची परीक्षा घ्यायची तर सूर्याकडे पाठ करा. दूरच्या विजेच्या खांबावर तार धरून ठेवणारा चिनी मातीचा तुकडा असतो. त्याच्यावर उन्हाचा बारीक ठिपका चमकतो. तोच तुमचा दिवसाचा तारा.

आता कुणी म्हणेल, बाजारात तयार दुर्बीण मिळते, कदाचित सामानाच्या किमतीतच मिळते. मग महिनाभर काच कशाला घासायची? त्याला माझे उत्तर एवढेच. विकतच्या दुर्बिणीतून मुलाला शनी दिसेल. स्वतः केलेल्या आरशातून त्याला शनीबरोबर हेही दिसेल, की केसाच्या हजाराव्या भागाचे काम आपल्या हाताने होते, आणि ते झाले की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारावे लागत नाही. दिवा नि पाते सांगतात.

आणि त्या तांदळाच्या दाण्याची आठवण असू द्या. एखादे काम वाकडे झालेले दिसले, एखादे पोर मागे पडलेले दिसले, की आपण चटकन काचेला नावे ठेवतो. तिथे आधी पाव फेरा फिरवून पाहावे. दोष काचेत आहे, की आपण दिलेल्या टेकूत?